बाँडपटांतील संगीतकारबदल व रसिकांतील वाद

जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेरावरील चित्रपटमालिकेत पार्श्वसंगीतकार वेळोवेळी बदलल्यामुळे रसिकांमध्ये सुरू राहिलेला दीर्घकालीन वाद. ईऑन प्रॉडक्शन्स या संस्थेने 1962 ते 2021 या काळात मालिकेचे 25 चित्रपट काढले व त्यांना एकूण 10 संगीतकारांनी पार्श्वसंगीत दिले. त्यांपैकी 11 चित्रपट जॉन बॅरी (1933–2011) यांचे, 5 डेव्हिड आर्नल्ड यांचे व 2 टॉमस न्यूमन यांचे आहेत. माँटी नॉर्मन, जॉर्ज मार्टिन, मार्विन हॅमलिश, बिल काँटी, मायकेल केमन, एरिक सेरा आणि हान्स झिमर यांनी प्रत्येकी एका चित्रपटाला संगीत दिले. याच काळात बाँडची भूमिका सहा नटांनी केली. नट बदलला तरी तोच बाँड पडद्यावर आहे, ही खूण प्रेक्षकाला प्रामुख्याने संगीतातून पटते. त्यामुळे संगीतकाराच्या निवडीला या मालिकेत इतर साहसपटांपेक्षा फार अधिक महत्त्व आहे आणि वादाची तीव्रताही त्यातूनच येते.

मूळ धून : ‘डॉ. नो’ (1962) या पहिल्या चित्रपटाचे संगीत माँटी नॉर्मन यांचे होते. बाँडची प्रसिद्ध धून त्यांनी आपल्याच एका अप्रकाशित गाण्याच्या चालीवरून बेतली. ते गाणे व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरील नियोजित संगीतिकेसाठी रचलेले होते. कादंबरीतले कुटुंब त्रिनिदादमधील भारतीय वंशाचे असल्याने मूळ चालीला भारतीय वळण होते. जॉन बॅरी यांनी या चालीचे संयोजन केले आणि तिला आजचे रूप दिले. व्हिक फ्लिक यांच्या विजेच्या गिटारवर मुख्य स्वरावली, खाली सरकता आधार आणि वर ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा जॅझ धाटणीचा घणाघात, अशी ही रचना आहे. आधाराचा मध्यस्वर पंचमावरून कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि पुन्हा कोमल धैवत असा अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढतो-उतरतो. शेवटच्या स्वरमेळात कोमल गंधाराच्या जोडीला शुद्ध निषाद व शुद्ध ऋषभ येतात, म्हणून तो विसावत नाही. धोका अजून टळलेला नाही असे कानाला वाटत राहते.

चालीचे श्रेय कोणाचे, हा या इतिहासातला पहिला वाद. धून बॅरी यांनी रचली, अशा आशयाच्या ‘संडे टाइम्स’मधील लेखावरून नॉर्मन यांनी बदनामीचा दावा लावला. लंडनच्या उच्च न्यायालयात 2001 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला व त्यांना 30,000 पौंडांची भरपाई मिळाली. कायद्याने चाल नॉर्मन यांची आहे, आणि तिचा नाद बॅरी यांनी घडवला हेही तितकेच खरे आहे.

बॅरी यांची घडण : ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’पासून (1963) बॅरी यांच्याकडे पार्श्वसंगीताची सूत्रे आली. ‘गोल्डफिंगर’मध्ये (1964) शीर्षकगीताची चाल पार्श्वसंगीतात विणण्याची त्यांची पद्धत पक्की झाली. पितळी वाद्यांचे मोठे ताफे, तंतुवाद्यांच्या संथ लांब ओळी आणि प्रत्येक चित्रपटाला स्वतःची अशी एक चाल, ही त्यांच्या शैलीची लक्षणे होत. पुढच्या प्रत्येक संगीतकाराला रसिकांनी याच मापाने मोजले.

मात्र बॅरी स्वतः एका जागी थांबलेले नव्हते. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’च्या (1969) शीर्षकसंगीतात त्यांनी मूग सिंथेसायझर वापरला. ‘मूनरेकर’मध्ये (1979) पितळी वाद्ये मागे ठेवून तंतुवाद्यांना पुढे आणले. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (1987) या त्यांच्या शेवटच्या बाँडपटात वाद्यवृंदाच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ठेका आहे. परंपरेच्या नावाने नव्या संगीतकाराला विरोध करणाऱ्यांनी या तीन चित्रपटांचे संगीत पुन्हा ऐकावे. परंपरा घडवणाऱ्यानेच ती सतत हलती ठेवली होती.

पर्यायी संगीतकार (1973–89) : बॅरी उपलब्ध नसत तेव्हा अन्य संगीतकारांना पाचारण केले जाई. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ‘लिव्ह अँड लेट डाय’साठी (1973) फंक धाटणीचे ठेके आणले. शीर्षकगीत पॉल मॅकार्टनी यांचे होते व त्याची चाल मार्टिन यांनी पार्श्वसंगीतात चांगली मुरवली. हॅमलिश यांनी ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’साठी (1977) बाँडची धून डिस्कोच्या ठेक्यावर बसवली. आक्षेपकांच्या मते ती काळाशी बांधली गेली, तर समर्थकांच्या मते चित्रपटाच्या उत्सवी वृत्तीला तीच शोभते. या चित्रपटाच्या संगीताला व शीर्षकगीताला ऑस्करची नामांकने मिळाली. बिल काँटी यांच्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’विषयी (1981) मते अशीच विभागलेली आहेत.

‘लायसन्स टू किल’साठी (1989) मायकेल केमन आले. ‘लीथल वेपन’ आणि ‘डाय हार्ड’ या अमेरिकी साहसपटांचे संगीत त्यांचेच होते. त्यांच्या कामावरचा मुख्य आक्षेप असा, की ते बाँडपटाचे न वाटता त्या काळच्या कोणत्याही अमेरिकी मारधाडपटाचे वाटते. ‘उत्तम पार्श्वसंगीत’ आणि ‘बाँडपटाचे पार्श्वसंगीत’ या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हा मुद्दा येथे प्रथम ठळकपणे पुढे आला.

‘गोल्डनआय’ (1995) : सहा वर्षांच्या खंडानंतर मालिका परतली तेव्हा संगीत एरिक सेरा यांच्याकडे सोपवले गेले. लुक बेसाँ यांच्या ‘निकिता’ व ‘लेऑन’ या चित्रपटांमुळे हे फ्रेंच संगीतकार नावाजलेले होते. त्यांनी इलेक्ट्रॉनिक नाद, धातूचे आघात आणि तुटक ठेके वापरले. बाँडची धूनही मोकळ्या वाद्यवृंदाऐवजी तुकड्यातुकड्यांनी, यंत्रवत वाजली. सेंट पीटर्सबर्गमधील रणगाड्याच्या पाठलागासाठी त्यांनी दिलेले संगीत निर्मात्यांनी बाजूला ठेवले आणि जॉन आल्टमन यांच्याकडून वाद्यवृंदावरचे नवे संगीत करवून घेतले. सेरा यांची मूळ रचना ध्वनिमुद्रिकेत मात्र राहिली. त्यामुळे एकाच प्रसंगाची दोन संगीते रसिकांना शेजारी ठेवून ऐकता येतात आणि या वादाला ठोस आधार मिळतो.

सेरा यांचे समर्थक सांगतात, की सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या गंजक्या, ओसाड जगाला हा थंड नाद अचूक लागू पडतो. हा मुद्दा वजनदार आहे, आणि मोडक्या पुतळ्यांच्या आवारातील प्रसंगात तो पटतोही. तथापि पाठलागाला लागणारा जोर आल्टमन यांच्या रचनेतच आहे, आणि तेथे निर्मात्यांचा निर्णय योग्य होता.

आर्नल्ड यांचे पर्व (1997–2008) : डेव्हिड आर्नल्ड यांनी 1997 मध्ये बाँडपटांतील गाणी समकालीन गायकांकडून गाऊन घेऊन एक संग्रह काढला. तो बॅरी यांना आवडला आणि त्यांनीच आर्नल्ड यांचे नाव निर्मात्यांना सुचवले. ‘टुमॉरो नेव्हर डाइज’मध्ये (1997) आर्नल्ड यांनी बॅरींची पितळी भाषा आणि नव्या नृत्यसंगीताचे ठेके एकत्र आणले. काम चित्रपटाच्या प्रदर्शनापर्यंत चालले होते, म्हणून पहिल्या ध्वनिमुद्रिकेत उत्तरार्धाचे संगीत आलेच नाही. ते मिळावे यासाठी रसिक आग्रही राहिले व पुढे वाढीव आवृत्ती निघाली. आर्नल्ड बॅरींचे अनुकरण करतात आणि मारामारीचे प्रसंग फार गजबजवतात, असे दोन आक्षेप त्यांच्यावर घेतले गेले.

‘कसिनो रोयाल’ (2006) हे त्यांना उत्तर आहे. त्यात बाँड नुकताच गुप्तहेर झालेला आहे. आर्नल्ड यांनी मूळ धून चित्रपटभर रोखून धरली, तिच्या जागी ख्रिस कॉर्नेल यांच्यासह रचलेल्या शीर्षकगीताची चाल खेळवली आणि नायक शेवटी आपले नाव सांगतो तेव्हाच ती धून पूर्णपणे वाजवली. कथेतील व्यक्तीची घडण संगीताच्या रचनेतूनच सांगितल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मालिकेत दुसरे नाही.

न्यूमन यांची निवड (2012–15) : ‘स्कायफॉल’साठी (2012) दिग्दर्शक सॅम मेंडिस यांनी ‘अमेरिकन ब्यूटी’पासूनचे आपले सहकारी टॉमस न्यूमन यांना आणले. पाच चित्रपट सलग करणाऱ्या आर्नल्ड यांना बाजूला व्हावे लागल्याने मोठा वाद झाला. मालिकेची स्मृती सांभाळणारा संगीतकार महत्त्वाचा की दिग्दर्शकाशी सूर जुळलेला, हा त्यातला खरा प्रश्न होता. न्यूमन यांचे संगीत चालीपेक्षा पोत आणि वातावरण यांवर उभे असते. अडेल यांच्या शीर्षकगीताची चाल पार्श्वसंगीतात ठळकपणे एकदाच, मकाऊच्या प्रसंगात येते. ॲस्टन मार्टिन गाडी दिसते तेव्हा मूळ धून वाजते. या संगीताला बाफ्टा व ग्रॅमी पुरस्कार आणि ऑस्करचे नामांकन मिळाले. पुढच्या ‘स्पेक्टर’मध्ये (2015) ‘स्कायफॉल’मधील काही रचना जवळपास जशाच्या तशा आल्या, आणि ही टीका न्यूमन यांच्या चाहत्यांनाही खोडता आली नाही.

‘नो टाइम टू डाय’ (2021) : दिग्दर्शक कॅरी फुकुनागा यांचे सहकारी डॅन रोमर यांच्याकडे सोपवलेले काम 2020 च्या आरंभी हान्स झिमर यांच्याकडे गेले. झिमर यांनी स्टीव्ह माझारो यांच्यासह, गिटारवादक जॉनी मार यांना सोबत घेऊन ते पुरे केले. झिमर यांचा नाद सर्वत्र सारखाच ऐकू येतो, ही भीती रसिकांत होती. प्रत्यक्षात त्यांनी 1969 च्या चित्रपटासाठी बॅरी यांनी रचलेली आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी गायलेली प्रेमगीताची चाल कथेच्या मर्माशी नेऊन ठेवली. त्या जुन्या चित्रपटात बाँडची पत्नी मारली जाते. नव्यात तो स्वतः मरतो. दोन चित्रपटांतील 52 वर्षांचे अंतर एका चालीने जोडले गेले.

वादाचे मुद्दे : सहा दशकांच्या चर्चेत तीन प्रश्न वारंवार येतात. मूळ धून किती आणि कधी वाजवावी, हा पहिला. शीर्षकगीत पार्श्वसंगीतात विणले जावे की स्वतंत्र राहावे, हा दुसरा. निवड मालिकेच्या परंपरेने व्हावी की दिग्दर्शकाच्या पसंतीने, हा तिसरा. दुसऱ्या प्रश्नाचे मूळ व्यवहारात आहे. गीत एका गटाकडून आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याकडून करवले की दोहोंमध्ये धागा राहत नाही.

मूल्यमापन : चाहत्यांच्या या वादाला हट्ट म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. पडद्यावरच्या संगीताकडे सामान्य प्रेक्षकाचे लक्ष जात नाही असे मानले जाते. या रसिकांनी प्रसंगवार तुलना करून, संयोजकांची नावे लक्षात ठेवून ती समजूत खोटी ठरवली आहे. इतिहासाचा कौल असा, की संगीतकार बदलल्याने मालिकेचे नुकसान होत नाही. नव्या संगीतकाराने जुन्या चालीला कथेत काम दिले, तेव्हा बदल यशस्वी झाला. ती केवळ ओळखीची खूण म्हणून चिकटवली, तेव्हा तो फसला. मालिकेचे सर्जनशील नियंत्रण 2025 मध्ये ॲमेझॉन एमजीएमकडे गेले आणि पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून दनी व्हिलनव यांचे नाव जाहीर झाले. ‘ड्यून’चे दोन्ही भाग त्यांनी झिमर यांच्यासह केले असल्यामुळे परंपरा की दिग्दर्शकाची पसंती, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पुढच्या संगीतकाराचे मूल्यमापनही जुन्या चालीला कथेत काम मिळाले का, याच कसोटीवर व्हावे.