शेकडा : चिन्हाआधीचा आणि चिन्हानंतरचा

शंभरावर हिशेब करण्याची रीत आपल्याकडे % या चिन्हाहून पुष्कळ जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त व्याजाची उदाहरणे शेकड्यानेच घातलेली आहेत. शंभरास दरमहा पाच, तर सोळांचे वर्षाचे व्याज किती, असे त्यातले एक. उत्तर येते नऊ पूर्णांक तीन पंचमांश.

मराठेशाहीच्या दप्तरातही हाच शेकडा दिसतो. चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा. तिची वाटणी पुन्हा शंभर भागांत होई : राजबाबती २५, मोकासा ६६, साहोत्रा ६ आणि नाडगौडा ३. राजबाबतीचे हे पंचवीस चौथाईतले होत. मूळ वसुलाशी ताडून पाहता ते शेकडा सव्वासहाच भरतात.

चिन्ह घडले ते इटलीच्या व्यापारी वह्यांत. ‘पेर चेंतो’, म्हणजे ‘दर शंभरास’, हे शब्द वारंवार लिहावे लागत, म्हणून त्यांचा संक्षेप झाला. १४२५ च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात ‘चेंतो’च्या आद्याक्षरावर लहानसे वर्तुळ आढळते. सतराव्या शतकाच्या मध्यास त्या अक्षराचेही वर्तुळ होऊन दोहोंमध्ये आडवी रेघ आली. पुढे रेघ तिरकी झाली आणि ‘पेर’ गळून पडले. खाली आणखी एक शून्य जोडले की तेच चिन्ह दर हजारी प्रमाण दाखविते. संगणकाच्या ‘सी’ भाषेत मात्र त्याचा शंभराशी संबंध उरला नाही. तेथे ते भागाकारातील बाकी दर्शविते.

संक्षेपाने लेखणीचे श्रम वाचले, परंतु ‘कशाचे’ आणि ‘किती मुदतीचे’ हे दोन प्रश्न चिन्हाबाहेर राहिले. कृष्णपुऱ्यात ज्यांची छत्री उभी आहे, त्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंदूरला लोहमार्ग यावा म्हणून इंग्रज सरकारला १८७० च्या सुमारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची, व्याज दरसाल साडेचार टक्के. म्हणजे वर्षाकाठी साडेचार लाख. हाच आकडा ‘लीलावती’च्या रीतीने दरमहाचा धरला, तर वर्षाचे चोपन्न लाख होतात. दोन्ही हिशेबांत चिन्ह तेच राहते. बदलतो तो केवळ शेजारचा शब्द. सावकाराच्या ‘दरमहा शेकडा दोन’चे वर्षाला चोवीस होतात, हे ऋणकोला कळते ते त्या शब्दामुळेच. म्हणून कर्जरोख्यावर सही करणाऱ्याने आकड्याआधी तो शब्द वाचावा.