चोवीस ठिपके

गुणलेखकाच्या वहीत एका षटकासाठी एक चौकट असते. चेंडू पडला, धाव निघाली नाही, की चौकटीत एक ठिपका. वर तीन, खाली तीन. सहाही चेंडूंचे ठिपकेच पडले की गुणलेखक पेन्सिलीने ते एकमेकांना जोडतो आणि ‘एम’ हे इंग्रजी अक्षर उभं करतो. एम म्हणजे मेडन, निर्धाव षटक. त्यात बळी पडला असेल तर रेघ उलटी फिरवायची, म्हणजे ‘डब्ल्यू’ होतो. वही न वाचताही लांबून कळतं की या माणसाने आज फलंदाजांना बांधून ठेवलं.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आंध्रातल्या मंगलगिरीला विदर्भ आणि मणिपूर यांच्यात सय्यद मुश्ताक अली करंडकाचा वीस षटकांचा सामना झाला. त्या सामन्यात एका गोलंदाजाच्या नावापुढे अशा चार चौकटी भरल्या: ४-४-०-२. चार षटकं, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत आपल्या वाट्याची चारही षटकं निर्धाव टाकण्याची ही पहिलीच वेळ. गोलंदाज होता अक्षय कर्णेवार, गाव पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ.

मी हे लिहितो आहे लोहाऱ्यात. यवतमाळ शहराला चिकटलेलं आमचं लोहारा बाहेरच्यांना ठाऊक असतं ते एमआयडीसीमुळे. पांढरकवडा त्याच जिल्ह्यात, पण तोंड दुसरीकडे: नागपूर-हैदराबाद महामार्गावर. जिल्ह्याची ओळख विचारली तर लोक कापूस सांगतील. क्रिकेट कोणी सांगणार नाही. म्हणून या माणसाची कारकीर्द कागदांवरून लावून बघावी असं वाटलं. कागद भरपूर आहेत, कारण क्रिकेटइतका हिशेबी खेळ दुसरा नाही. अडचण वेगळीच निघाली. ज्या गोष्टीसाठी कर्णेवार ओळखला जातो, तिच्यासाठी या कागदांत रकानाच नाही.

तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. उजव्या हाताने ऑफस्पिन, डाव्या हाताने पारंपरिक डावखुरी फिरकी. धावफलकावर षटकं असतात, निर्धाव षटकं असतात, धावा, बळी, वाइड, नोबॉल, सगळं असतं. कोणता चेंडू कोणत्या हाताने टाकला हे लिहायला मात्र जागा नाही. मंगलगिरीच्या त्या चोवीस ठिपक्यांतून उजवा-डावा वेगळा काढता येत नाही.

याची सुरुवात वर्तमानपत्रांत नोंदली गेली आहे. पांढरकवड्याचा मुलगा, वडील बसचालक. पोरगा उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा, पण फलंदाजी डावखुरी आणि सीमेवरून चेंडू फेकायचा तोही डाव्यानेच. प्रशिक्षक बाळू नवघरे यांच्या नजरेत हे आलं आणि त्यांनी त्याला डाव्या हातानेही टाकून बघायला लावलं. शोध असा की नवं काही शिकवावं लागलं नाही, होतं त्याच्याकडे बघावं लागलं. गल्लीत टेनिस बॉलवर दोन्ही हातांनी टाकणारी पोरं सगळीकडे असतात. पण बहुतेकांना मोठी माणसं ‘एक काहीतरी नीट कर’ म्हणून एका हातावर आणून ठेवतात.

नियमाची बाजूही बघायला हवी, कारण नियमाच्या पुस्तकात हात आहे. गोलंदाजाने उजव्या हाताने टाकणार की डाव्या, यष्टीच्या कोणत्या बाजूने टाकणार, हे आधी पंचाला सांगायचं असतं, पंच ते फलंदाजाला सांगतो. न सांगता हात बदलला तर नोबॉल. म्हणजे कर्णेवार हात बदलतो तेव्हा पंच फलंदाजाला कळवतो, साइटस्क्रीन सरकवावा लागतो, क्षेत्ररक्षकही जागा बदलतात. मैदानावरच्या प्रत्येकाला ते कळतं. कळत नाही ते वहीला.

हा घोळ जुना आहे. १९५८ साली किंग्स्टनला गारफिल्ड सोबर्सने नाबाद ३६५ धावा करून कसोटीचा विक्रम मोडला. विक्रमाची ती शेवटची धाव निघाली हनीफ मोहम्मदच्या गोलंदाजीवर. हनीफ खरा फलंदाज, पण तो त्या वेळी डाव्या हाताने टाकत होता हे आपल्याला कळतं ते खेळाडूंच्या सांगण्यातून. १९९६ च्या विश्वचषकात कँडीला केनियाविरुद्ध श्रीलंकेच्या हशन तिलकरत्नेने दोन्ही हातांनी टाकलं, तेही लोकांच्या आठवणीत राहिलं. पुढे त्याच देशाचा कामिंदू मेंडिस तसाच निघाला. ही परंपरा आहे खरी, पण ती धावफलकांच्या समासात वाढलेली.

अमेरिकेतल्या फुटबॉलचं उदाहरण घेतलं तर मुद्दा जास्त उघडा पडतो. तिथे वाइड रिसीव्हर नावाचा खेळाडू असतो. त्याचं काम धावत सुटायचं आणि लांबून आलेला चेंडू झेलायचा. या जागेवरचा सर्वांत मोठा मानला जाणारा जेरी राइस मिसिसिपीतल्या खेड्यातला, गवंड्याचा मुलगा. भाऊ विटा फेकायचे आणि हा झेलायचा, अशी त्याच्या बालपणाची गोष्ट सांगतात. १९८५ ते २००४ अशा वीस हंगामांत त्याच्या नावावर १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड जमा झाले. पण रिसीव्हर सामन्यात कितीतरी वेळा नुसता धावतो. दोन बचावपटू आपल्या मागे ओढून नेतो आणि चेंडू जातो दुसऱ्याकडे. त्या धावण्याची नोंद आकड्यांत उमटत नाही. चेंडू त्याच्याकडे किती वेळा फेकला गेला, हे मोजायलाही त्या खेळाने फार उशिरा सुरुवात केली. झेल तेवढा दिसतो. आपल्याकडेही बळी दिसतो. फलंदाज ‘आता कोणता हात’ या विचारात पाय पुढे टाकायला अर्धा क्षण उशीर करतो, ते दिसत नाही.

असो. परत कागदांकडे.

विदर्भाचा संघ रणजीत १९५७-५८ पासून खेळतो आहे. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा एक संघ असायचा. साठ वर्षं या संघाकडे कोणी वळून पाहिलं नाही. मग प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. या अंतिम सामन्याचा धावफलक समोर ठेवला तर अकरा नावांत कर्णेवार नाही. फिरकीची बाजू आदित्य सरवटे आणि अक्षय वखरे सांभाळत होते.

ही अनुपस्थिती महत्त्वाची आहे, कारण त्याच हंगामाच्या तोंडावर, १२ सप्टेंबर २०१७ ला, तो चेन्नईच्या चेपॉकवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षीय संघातून खेळला होता. सराव सामना होता. वॉर्नर, स्मिथ, हेड, स्टॉइनिस यांनी अर्धशतकं काढली, ऑस्ट्रेलियाने ७ बाद ३४७ केल्या आणि सामना १०३ धावांनी जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांना मात्र मथळा मिळाला तो पांढरकवड्याच्या मुलाचा, कारण त्याने एकाच सामन्यात दोन्ही हातांनी टाकलं होतं. इतिहास लिहिणाऱ्याने इथे सावध राहायला हवं. बातमी होणं आणि संघात जागा पक्की होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत म्हणून मिळालेली प्रसिद्धी त्याला साडेतीन महिन्यांनंतरच्या अंतिम सामन्यात घेऊन गेली नाही.

पुढचं वर्ष त्याचं. आणि इथे कागद मला जरा चकवून गेले, कारण सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्या गोलंदाजीचा नाही, फलंदाजीचा आहे.

२०१८-१९ चा रणजी अंतिम सामना नागपूरजवळ जामठ्याला ३ फेब्रुवारीला सुरू झाला, समोर सौराष्ट्र. पहिल्या दिवसअखेर विदर्भ ७ बाद २००. तिथून डाव ३१२ वर गेला. कर्णेवार नाबाद ७३. सौराष्ट्राने उत्तरादाखल ३०७ केल्या, त्यात शेवटच्या जोडीने साठेक धावा चिवटपणे जोडल्या. म्हणजे आघाडी मिळाली पाच धावांची. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक जातो, हे लक्षात घेतलं तर त्या ७३ धावांचं वजन कळतं. पुढे तशी वेळ आली नाही. विदर्भ दुसऱ्या डावात २०० वर आटोपला, सौराष्ट्रापुढे २०६ चं लक्ष्य होतं आणि सरवटेने त्यांना १२७ वर गुंडाळलं. सामन्यात त्याचे अकरा बळी, पुजारा दोन्ही डावांत स्वस्तात. ७८ धावांनी विजय, सलग दुसरा करंडक. फोटोत सरवटे दिसतो आणि ते योग्यच आहे. पण विदर्भाच्या पहिल्या डावाचा धावफलक तळापासून वर वाचला तर सामना कुठे वाचला हे दिसतं.

आठवड्याभरातच, १२ फेब्रुवारीला, त्याच मैदानावर इराणी करंडकाचा सामना सुरू झाला. शेष भारताने ३३० केल्या, हनुमा विहारी ११४. विदर्भ ४२५, त्यात कर्णेवार १०२. खालच्या फळीतून आलेलं शतक, ९५ धावांची आघाडी. विहारीने दुसऱ्या डावात नाबाद १८० केल्या, विदर्भापुढे २८० चं लक्ष्य आलं आणि २६९ वर पाच बाद असताना, अकरा धावा हव्या असताना, कर्णधारांनी हस्तांदोलन केलं. जिंकायला अकरा धावा हव्यात आणि कोणी घाई करत नाही, हे फक्त क्रिकेटमध्येच होतं! करंडक पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाकडे राहिला. सामना चालू असतानाच पुलवाम्याचा हल्ला झाला होता. बक्षिसाची रक्कम शहिदांच्या कुटुंबांना देत असल्याचं कर्णधार फैज फजलने जाहीर केलं.

त्या हिवाळ्यात पांढरकवडा हे नाव देशभर छापून येत होतं, पण त्याचं कारण क्रिकेट नव्हतं. टी-१ म्हणजे अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली आणि महिनोन्‌महिने तिच्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पुढे कोणी त्या काळातल्या पांढरकवड्याचा इतिहास वर्तमानपत्रांवरून लिहायला बसला तर त्याला वाघीण सापडेल आणि इराणी करंडकातलं शतक निसटेल.

मग करोना. २०२०-२१ चा रणजी हंगाम झालाच नाही. स्पर्धा सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदा घडलं. देशांतर्गत खेळाडूचं उत्पन्न सामन्यांवर असतं, हे त्या वर्षी उघड दिसलं. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने मानधन वाढवलं: चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, एकवीस ते चाळीसला ५० हजार, त्याहून कमीला ४० हजार. मंगलगिरीचा सामना त्यानंतर दोन महिन्यांनी झाला.

त्या सामन्याचं मोल ठरवताना हात आखडता घ्यायला हवा. दोनदा रणजी जिंकलेला विदर्भ त्या हंगामात प्लेट गटात होता, ईशान्येकडच्या नव्या संघांबरोबर. मणिपूर २०१८-१९ पासूनच देशांतर्गत क्रिकेटमध्ये आलेला. विदर्भ ४ बाद २२२, मणिपूर सर्वबाद ५५, अंतर १६७ धावांचं. फलंदाज कच्चे होते हे खरं. तरी चोवीस चेंडूंत चुकूनही बॅटच्या कडेला लागून धाव निघू नये, एक वाइड पडू नये, हेही सोपं नाही. तोवरचा मोठा दाखला मोहम्मद इरफानचा, २०१८ साली कॅरेबियन लीगमध्ये ४-३-१-२. जगभर इतकी वर्षं इतके सामने झाले, इतके दुबळे संघ आले, पण चौथी चौकट कोणाचीच भरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी समोर सिक्कीम. कर्णेवार ४-१-५-४, हॅटट्रिकसह. दोन दिवसांत मिळून ४८ चेंडू, पाच धावा, सहा बळी. आणि त्याचा विक्रम एकट्याचा राहिला तो जेमतेम आठवडाभर: १४ नोव्हेंबरला कॅनडाच्या साद बिन जफरने पनामाविरुद्ध हेच आकडे काढले, तेही आंतरराष्ट्रीय सामन्यात. न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने जून २०२४ मध्ये विश्वचषकात पापुआ न्यू गिनीविरुद्ध चारही षटकं निर्धाव टाकली आणि तीन बळी घेतले, तेव्हा जुनी यादी पुन्हा निघाली. सगळ्यात वर नाव कर्णेवारचं. यादीत देश असतो, प्रतिस्पर्धी असतो, तारीख असते. हात नसतो.

प्लेट गटातून निघून विदर्भ त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे कर्नाटकविरुद्ध दर्शन नळकांडेने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले, तरी विदर्भ चार धावांनी हरला. अशी वर्षं या संघाच्या वाट्याला बरीच आली.

त्यानंतरचा एक धावफलक समोर आहे. जामठा, रणजी अंतिम सामना, समोर केरळ. २ मार्च २०२५ ला संपला. विदर्भ ३७९, केरळ ३४२, विदर्भ ९ बाद ३७५, अनिर्णित, आघाडीवर तिसरा करंडक. हर्ष दुबे हा तरुण डावखुरा फिरकीपटू त्या हंगामात ६९ बळी घेऊन गेला, एका रणजी हंगामातला हा विक्रम. दानिश मालेवार, यश राठोड, करुण नायर यांच्या धावांबद्दल सगळे बोलले. २०१८ च्या इंदूरच्या यादीत जे नाव नव्हतं ते या यादीत आहे: अ. कर्णेवार. वय बत्तीस. गोलंदाजीच्या रकान्यात त्याच्यापुढे षटकं, निर्धाव, धावा, बळी, नेहमीचे चार आकडे.