जहागीर, वतन, मान, हक्क : विशेष लाभाच्या शब्दांचा इतिहास

१. हिंगोलीच्या बसस्थानकावर गाडी लागते, खिडकीतून आसनावर रुमाल पडतो आणि मागून प्रश्न येतो : ‘तुझ्या बापाची जहागीर आहे का?’ विचारणाऱ्याने जहागीरदार पाहिलेला नसतो, ऐकणाऱ्यानेही नाही. तरी शब्दाचा अर्थ दोघांनाही नेमका कळतो. मराठवाड्यात जहागिरी कायद्याने संपून पाऊणशे वर्षे उलटली, शब्द मात्र संपला नाही. इतरांना नसलेला लाभ सांगणाऱ्या अशा काही मराठी शब्दांचा हा मागोवा.

२. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्याची ढोबळ विभागणी अशी : सुमारे साठ टक्के प्रदेश दिवाणी, म्हणजे सरकारी, सुमारे दहा टक्के ‘सर्फेखास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, उरलेला बहुतांश जहागिरींचा. जहागिरीच्या गावातला सारा सरकारी खजिन्यात न जाता जहागीरदाराच्या घरी जाई.

३. ‘जागीर’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘जागा धरणारा’. ‘इनाम’ अरबी, अर्थ कृपेने दिलेली देणगी. ‘मिरास’ म्हणजे वारसा. ‘मक्ता’ म्हणजे ठरावीक रकमेवर दिलेला अधिकार. आज बोलीत ‘मक्तेदारी’ आणि ‘मिरासदारी’ हे शब्द जवळजवळ दूषण म्हणूनच येतात. ‘इनाम’ मात्र सुदैवी ठरले : जमिनीतून बाहेर पडून ते कुस्तीच्या आखाड्यात आणि शाळेच्या बक्षीस समारंभात गेले.

४. सर्वांत विलक्षण प्रवास ‘वतन’ या शब्दाचा. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत तोच शब्द वंशपरंपरागत हुद्दा आणि त्याबरोबर येणारे उत्पन्न यांना लागला. हिंगोलीत दोन्ही भाषा शेजारी नांदतात; एकाच गल्लीत एकाला ‘वतन’ ऐकून देश आठवतो, तर दुसऱ्याला पाटीलकीची जमीन. मराठी अर्थामागेही तर्क होता : ज्याचे वतन गावात, त्याचे पाय गावात. राजे बदलत, वतनदार जागच्या जागी राहत.

५. हे लाभ कागदावर तरी फुकटचे नव्हते. पाटलाने वसुली करायची, कुलकर्ण्याने हिशेब लिहायचा, देशमुख-देशपांड्यांनी परगणा सांभाळायचा. पहिल्या सालारजंगांनी १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी करून पगारी अधिकारी नेमले, तेव्हा देशमुखांचे वसुलीचे काम गेले. पण त्याबदल्यात ‘रुसूम’ नावाची रोख रक्कम सुरू राहिली. काम संपले तरी लाभ चालू राहिला, आणि आडनावाला वजनही उरले.

६. आता याच चौकटीची दुसरी टोकाची बाजू. महारांचेही वतन होते आणि त्यांचे ‘बावन हक्क’ बेदरच्या बादशहाने दिले, अशी परंपरा सांगते. त्या हक्कांत काय होते? मेलेल्या जनावराचे कातडे, खळ्यावरच्या धान्यातला वाटा, घरोघरची भाकरी. त्याबदल्यात सरकारी निरोप पोचवणे, हद्दीची साक्ष देणे, मेलेली जनावरे ओढणे. वेळी-अवेळी, हाक येईल तेव्हा.

७. पाटलाचा तो हक्क आणि महाराचाही हक्कच. शब्द एक, पण एकाला त्यातून सत्ता मिळाली, दुसऱ्याला गुलामी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ओळखले होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनाच्या तुकड्यापायी माणूस गावाला बांधला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. विशेष लाभ म्हणून मिरवणारी गोष्ट प्रत्यक्षात बेडी असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी समाजात क्वचितच सापडेल.

८. जमिनीचा लाभ मोजता येतो. ‘मान’ मोजता येत नाही, म्हणून तो अधिक चिवट. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून आधी मानाचा बैल जातो, मग बाकीचे. लग्नात मानपान, जत्रेत मानकरी, पंगतीत मानाचे ताट. कोण पुढे उभा राहील आणि कोण मागे, या प्रश्नावर गावोगाव वाद झाले आहेत.

९. याच प्रश्नाची जुनी कथा हिंगोली जिल्ह्यातच आहे. नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. औंढा नागनाथच्या देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तिथून उठवले गेले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे लोक सांगतात. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागे आहे, त्याचे कारण म्हणून आजही हीच कथा ऐकायला मिळते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यांतही येतो. समोर बसण्याचा मान नाकारला गेला, तेव्हा ‘समोर’ कुठे हेच बदलले : लोकस्मृतीने विशेषाधिकाराला दिलेले हे उत्तर आहे.

१०. कायद्याचे उत्तर पुढे आले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने हैदराबाद भारतात आले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करणारा कायदा लागू झाला. जहागीरदारांना मोबदला ठरला. १९५४ मध्ये इनामे रद्द करणारा कायदा झाला. राज्य महाराष्ट्राचे झाल्यावर १९६२च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही संपली. १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले.

११. या घडामोडींत ‘हक्क’ हा शब्द जवळजवळ उलटा झाला. पूर्वी हक्क म्हणजे एखाद्या घराण्याचा ठरावीक वाटा. दुसऱ्याला तो नाही, यातच त्याचा अर्थ होता. २६ जानेवारी १९५० पासून ‘मूलभूत हक्क’ म्हणजे जो सर्वांना आहे तो. जुन्या अर्थासाठी मग ‘विशेषाधिकार’ हा संस्कृत वळणाचा शब्द प्रचारात आला. तरी वर्तमानपत्रांत आमदारांच्या विशेषाधिकाराचा भंग झाला की मथळा येतो ‘हक्कभंग’. जुना अर्थ तिथे अजून तग धरून आहे.

१२. रोजच्या बोलण्यात हे शब्द सरमिसळ होतात, पण त्यांतला फरक मोलाचा आहे. ‘सवलत’ अडचण हलकी करण्यासाठी असते आणि कारण संपले की संपायला हवी. ‘मुभा’ म्हणजे परवानगी. ‘मान’ लोक देतात. ‘मक्तेदारी’ दुसऱ्याची वाट अडवते. विद्यार्थ्याच्या एसटी पासाला कुणी ‘जहागीर’ म्हणाले, किंवा पिढ्यान्‌पिढ्यांच्या मक्तेदारीला ‘मान’ म्हणाले, तर शब्द चुकतोच, शिवाय न्यायाचा हिशेबही चुकतो. रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला विचारलेला तो बसस्थानकावरचा प्रश्न म्हणूनच टिकून आहे : जागा धरलीस हे दिसते, पण ती तुझी कशाच्या आधारावर?