शिडी आणि यादी : एका खेळातल्या सैन्याचा इतिहास

सैनिकी हुद्दा हा मुळात एक शब्द असतो. तो नावाआधी लागतो आणि कोणी आज्ञा करावी, कोणी ती पाळावी हे ठरवतो. परंतु त्या शब्दाला वजन येते ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांमुळे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन घोडदळाचे हुद्दे मोजणीनेच सांगितले आहेत: २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार. हुद्द्यामागे हाताखालची माणसे असतात, वेतन असते आणि अखेरीस मरणाची शक्यताही असते. ही तिन्ही काढून घेतली तर हुद्द्यात काय उरेल? हा प्रश्न केवळ तार्किक वाटेल. पण संगणकावरील युद्धखेळांनी तो लाखो तरुणांपुढे प्रत्यक्ष मांडला. त्या खेळांपैकी ज्याच्यामागे खुद्द एक सैन्य उभे होते, त्या 'अमेरिकाज् आर्मी'चा विचार आम्ही येथे करीत आहोत.

युद्धाचा खेळ करून शिकण्याची कल्पना अर्थातच जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या खेळात सुधारणा करून १८२४ मध्ये 'क्रीग्जस्पील'चे नियम प्रसिद्ध केले. नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच अशी त्याची मांडणी होती. सरसेनाध्यक्ष म्यूफलिंग यांनी तो पाहून त्याची शिफारस केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा खेळ अधिकाऱ्यांचा होता; त्यांचे हुद्दे आधीच ठरलेले होते. खेळाने त्यांना हुद्दा दिला नाही, निर्णयाचा सराव दिला.

'अमेरिकाज् आर्मी'चा हेतू निराळा होता. १९९९ मध्ये अमेरिकी भूदलाला सैन्यभरतीचे उद्दिष्ट गाठता आले नाही. त्या सुमारास वेस्ट पॉइंट येथील अर्थतज्ज्ञ कर्नल केसी वॉर्डिन्स्की यांनी कल्पना मांडली, की तरुण जेथे वेळ घालवतात तेथेच सैन्याने त्यांना भेटावे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत खेळ तयार झाला आणि ४ जुलै २००२ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो सर्वांना फुकट उपलब्ध झाला. खेळणारा अधिकारी नव्हता; तो बहुधा शाळकरी वा महाविद्यालयीन मुलगा होता, आणि शिडीची अगदी खालची पायरी त्याच्यासाठी राखलेली होती.

या शिडीची रचना पाहण्यासारखी आहे. खेळाडूला आल्याआल्या लढाई मिळत नसे. आधी फोर्ट बेनिंगच्या प्रतिकृतीत प्राथमिक प्रशिक्षण. नेमबाजीच्या परीक्षेत ४० पैकी किमान ३६ लक्ष्ये टिपली तरच दूरवरच्या नेमबाजाच्या पुढील प्रशिक्षणाचे दार उघडे. वैद्यकीय सैनिक व्हायचे असेल तर वर्गात बसून व्याख्याने ऐकायची आणि लेखी परीक्षा द्यायची. नियम पाळून खेळले की 'ऑनर' नावाचा आकडा वाढे. आपल्याच साथीदारावर गोळी झाडली तर गुण घटत, आणि बेशिस्त फारच झाली तर खेळाडू लेव्हनवर्थच्या तुरुंगकोठडीत जाऊन पडे. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर ही युद्धकथा नव्हतीच. ही विद्यार्थ्याची कथा होती. तिचा नायक शत्रूला जिंकण्याआधी परीक्षेला जिंकतो. ज्या मुलाला आपल्या जगात गुणांची आणि बढतीची शाश्वती नव्हती, त्याला येथे प्रत्येक कष्टाचा हिशेब चोख मिळत होता. खेळाचे खरे आकर्षण बंदुकीत कमी आणि या चोख हिशेबात अधिक असावे, असे आम्हांला वाटते.

खेळात आणखी एक योजना होती. दोन्ही तुकड्यांतील खेळाडूंना स्वतःची बाजू अमेरिकी सैन्याचीच दिसे आणि समोरची बाजू शत्रूची. म्हणजे शत्रू होऊन जगाकडे पाहण्याची वेळ कोणावरच येत नसे. महाकाव्याच्या वाचकाला प्रतिपक्षाचेही दुःख ऐकावे लागते. येथे निवेदनाचा तो कोनच रचनेने बंद केलेला होता.

त्याच काळात सैन्याच्या आश्रयावाचूनही असे गट उभे राहिले. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' हा खेळ २००१ मध्ये आला; पुढे 'आर्मा' मालिका आली. या खेळांभोवती जमलेल्या हौशी मंडळींनी खऱ्या सैन्याची सगळी उतरंड उचलली: भरतीचा अर्ज, प्राथमिक प्रशिक्षण, बिनतारी संदेशांची शिस्त, ठरलेल्या दिवशी हजेरी, गैरहजेरीसाठी रजा, आणि मग बढती. येथे सार्जंटाच्या हाती शिक्षेचे बळ जवळपास काहीच नसते. फार तर तो गटातून काढील; आणि शिपाई तर केव्हाही खेळ बंद करून जेवायला उठू शकतो. तरीही तो आज्ञा पाळतो. हुद्दा शेवटी खालच्या माणसाच्या संमतीवर उभा असतो, हे सत्य खऱ्या सैन्यात भयाआड झाकलेले असते. या गटांत ते उघडे दिसते.

आणि शिक्षण खोटे होते असेही म्हणता येत नाही. २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात महामार्गावर उलटलेल्या गाडीतील जखमींना एका वाटसरूने प्रथमोपचार केले. ते आपण या खेळातील वैद्यकीय धड्यांतून शिकलो, असे त्याने सांगितले. सैन्याने ही हकीकत अभिमानाने प्रसिद्ध केली.

परंतु शिडीवर जे लिहिलेले नव्हते ते दुसऱ्याच माणसाने लिहिले. रेनो येथील नेव्हाडा विद्यापीठात कला शिकवणारे जोसेफ डीलॅप मार्च २००६ मध्ये 'डेड-इन-इराक' या नावाने खेळात शिरले. ते शस्त्र खाली टाकीत आणि खेळाडूंच्या संभाषणाच्या चौकटीत इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांची माहिती टंकत: नाव, वय, सैन्यदल, मृत्यूची तारीख. कोणीतरी त्यांना गोळी घाली. ते पुढच्या फेरीत पुन्हा टंकू लागत. खेळाडू चिडत, मत देऊन त्यांना बाहेर काढीत. २०११ च्या अखेरीस अमेरिकी फौजा इराकमधून परतेपर्यंत हे चालू राहिले, आणि नावांची संख्या चार हजारांवर गेली. यादी हा वाङ्मयाचा सर्वांत निरलंकृत प्रकार; तरी रागावलेल्या खेळाडूंची प्रतिक्रिया पाहता त्या यादीने नेमके मर्म गाठले होते. शिडी खरी वाटावी म्हणून गोळीचा आवाजही हुबेहूब केला गेला होता. मात्र त्या गोळीने पडलेला खेळाडू पुढच्या फेरीत उठत असे, आणि यादीतला माणूस उठत नव्हता.

५ मे २०२२ रोजी सैन्याने या खेळाची सेवा बंद केली. वीस वर्षांत कोणी किती 'ऑनर' मिळवला याला त्यानंतर काही अर्थ उरला नाही. डीलॅप यांच्या यादीत मात्र पहिल्यापासून एक रकाना नव्हता. त्यांनी टंकलेल्या तपशिलांत हुद्दा कोठेच नाही.