चाकोरी, वखर आणि चौदा काठ्या

‘गोल्फ’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नाशिकच्या रिक्षावाल्याच्या तोंडून. धुळ्याहून एसटीने परीक्षेला गेलो होतो. तो म्हणाला, “गोल्फ क्लबला सोडू का?” मला वाटलं, एखादं हॉटेल असेल. उतरलो तर समोर मोठं मैदान, पोरं क्रिकेट खेळताहेत, म्हातारे फेऱ्या मारताहेत. गोल्फ कुठेच नाही. मैदानाचं आजचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली आणि १९ एप्रिल १९१० रोजी ते ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. साहेबांच्या खेळाच्या मैदानाला साहेबाला मारणाऱ्याचं नाव मिळालं, तरी रिक्षावाला अजून गोल्फ क्लबच म्हणतो. गावाची जीभ सरकारी पाटीला लवकर दाद देत नाही.

पुढे पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करताना खोलीचं भाडं निघावं म्हणून मी दीड वर्ष एका गोल्फ मैदानावर कॅडीचं काम केलं. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा. बॅगेत काठ्या असतात. (त्या काठीलाही ‘क्लब’च म्हणतात. घोळ नको म्हणून मी इथे काठी म्हणतो.) त्यातल्या दोन-चार काठ्यांना वेज म्हणतात. बॉल होलपासून शंभर पावलांच्या आत आला, गवतात रुतला किंवा वाळूत पडला की वेज बाहेर निघते. हा लेख या वेजेसबद्दल आहे. कारण त्यांच्यापायीच मी एकदा सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली.

पावसाळा सरत आला होता. जमीन वरून हिरवी, आतून लोण्यासारखी. मी ज्यांची बॅग वाहत होतो त्या साहेबांच्या चार वेज होत्या : ४६, ५०, ५६ आणि ६० डिग्रीच्या. डिग्री म्हणजे काठीचं तोंड मागे किती कललं आहे ते. जितकं जास्त कललेलं, तितका बॉल उंच जातो आणि कमी लांब पडतो. त्यांनी विचारलं, “कोणती?” मी यूट्यूबवर पाहून पाहून शहाणा झालेला. ६० काढून दिली. ती जमिनीत घुसली, मातीचं ढेकूळ बॉलपेक्षा लांब गेलं आणि त्यांची पैज बुडाली. ते म्हणाले, “तू उचलायचं काम कर, विचार करू नको.” बक्षिसी तर गेलीच, पण मला ते वाक्यच जास्त लागलं. मग मी वेजचा इतिहास वाचत सुटलो. मला दोन गोष्टी हव्या होत्या. माझं नेमकं काय चुकलं, आणि ‘विचार करू नको’ हे कुणी ठरवलं?

वेजची सगळ्यात जुनी पणजी म्हणता येईल अशी एक काठी स्कॉटलंडमध्ये होती. तिचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर ‘चाकोरीची काठी’ होतं. तिथली गोल्फची मैदानं म्हणजे समुद्रकाठची गावठाण जमीन. तिच्यावरून बैलगाड्या, घोडागाड्या जायच्या, ओल्या मातीत चाकांच्या चाकोऱ्या पडायच्या आणि बॉल नेमका त्यात जाऊन बसायचा. साध्या काठीचं तोंड त्या फटीत मावत नसे. म्हणून लोहारांनी मूठभर, गोल, जड तोंडाची लोखंडी काठी घडवली. तिचं काम एकच, चाकोरीतून बॉल बाहेर काढणं.

आपण ‘चाकोरीबाहेर’ म्हणतो तेव्हा कुणाला खरी चाकोरी आठवते? मला आठवते, कारण आईचं माहेर धरणगावकडचं. आजोबा कापसाची गाडी घेऊन जळगावच्या जिनिंगला जायचे. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतून जी खाच पडते, ती हिवाळ्यात वाळून दगड होते. मग बैल आपोआप त्या खाचेतून चालतात, गाडीवान झोपला तरी चालतं. आजोबा रात्रभर झोपायचे आणि पहाटे जळगावात जागे व्हायचे, असं आई सांगते.

तारखा जुळवताना मला एक गंमत सापडली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात जीआयपी रेल्वे खानदेशातून गेली. स्टेशनाकडे जाणाऱ्या गाड्यांनी इथल्या काळ्या जमिनीत चाकोऱ्या पाडल्या. तिकडे १८६८ मध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्टविकला टॉम मॉरिस नावाच्या पोरानं ओपन स्पर्धा जिंकली. वय अवघं सतरा. बापाचंही नाव टॉम मॉरिस, म्हणून याला यंग टॉम म्हणत. चाकोरीची काठी नुसती संकटात न वापरता, होलजवळ बॉल उंच टाकून जागीच थांबवायला वापरण्याचं श्रेय त्याला देतात. पुढे लागोपाठ ओपन जिंकत तो चोविसाव्या वर्षी वारला. पण खड्ड्यातून निघण्याचं हत्यार हे नेम धरण्याचं हत्यार झालं, ते त्याच्या हातात.

हे आधी होणं कठीण होतं, त्याचं कारण साधं आहे. १८४८ पर्यंत बॉल चामड्यात पिसं ठासून शिवलेला असे. तो महाग, आणि लोखंडाचा एक चुकीचा फटका बसला की फाटायचा. त्या साली गटापर्चा या झाडाच्या चिकाचा बॉल आला. स्वस्त आणि टणक. मग लोखंडी काठ्या वाढल्या. त्या वाहायच्या कशा? आधी कॅडी सगळ्या काठ्या बगलेत मोळीसारख्या धरायचे. खांद्यावरची बॅग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आली. आणि एकदा बॅग आली की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. सासरी जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत आई काय काय कोंबते!

वाळूची वेज मात्र एका माणसाच्या डोक्यातून आली, असंच बहुतेक सांगितलं जातं. जीन सॅराझेन, अमेरिकन. बाप इटलीहून आलेला सुतार, आणि पोरगा स्वतः कॅडी म्हणून वाढलेला. वाळूतल्या फटक्यांनी तो हैराण होता. विमान वर चढताना शेपटीचा पत्रा कसा वळतो हे पाहून त्याला सुचलं, की काठीच्या तळालाच असा फुगवटा दिला तर ती वाळूत रुतणार नाही, वाळूवरून घसरत वर येईल. त्याने फ्लोरिडात बसून काठीच्या बुडाला शिसं जोडलं, घासलं, पुन्हा जोडलं. १९३२ च्या ब्रिटिश ओपनला ती इंग्लंडला नेली. कुणी पाहून बंदी घालू नये म्हणून सरावाच्या दिवसांत ती बॅगेत उलटी ठेवली, तोंड खाली. ती स्पर्धा तो जिंकला. बंदीची भीती खोटी नव्हती. त्याआधी दोनच वर्षं बॉबी जोन्सने खोलगट तोंडाची एक वेज वापरली होती, आणि १९३१ मध्ये खोलगट तोंडावर बंदी आलीसुद्धा.

त्या फुगवट्याला बाउन्स म्हणतात, आणि माझी चूक तिथेच होती. साहेबांच्या ६० डिग्रीच्या वेजचा बाउन्स अगदी कमी होता, चाकूसारखा. मऊ जमिनीत ती घुसणारच. ५६ च्या वेजला पोट होतं, ती घसरत गेली असती. मऊ माती, मऊ वाळू असेल तर पोटवाली घ्यायची. कडक, तापलेली, उघडी जमीन असेल तर सपाट घ्यायची, नाहीतर ती आपटून उसळते आणि बॉलच्या टाळक्यात बसते. एवढं साधं.

हे मी यूट्यूबवरून शिकलो नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन जुन्या वेज घासाघीस करून घेतल्या होत्या, एक ५२ ची आणि एक ५६ ची. दिवाळीला त्या घरी नेल्या. नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एक हातात घेतली आणि विचारलं, “हाई काय शे रे?” मी सांगितलं. त्यांनी तिचं बूड अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाले, “हाई ते वखरनी पास शे.” मग पुढचा प्रश्न, “तठली जमीन कसी शे?”

ज्यांनी वखर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेरणीआधी तण कापायला आणि वरची माती मोकळी करायला बैलांमागे वखर चालवतात. त्याच्या तळाला आडवी लोखंडी पट्टी असते, ती पास. पास खाली जास्त कलली तर जमिनीत घुसते आणि बैल दमतात. कमी कलली तर वरच्यावर सरकते आणि तण तसंच राहतं. कोरड्या, टणक रानात वखरावर दगड ठेवतात किंवा पोराला बसवतात. मी बसलो आहे. नानांना बाउन्स समजवायला मला एक मिनिट लागला नाही. उलट ‘जमीन कशी आहे’ हा जो प्रश्न त्यांना आधी सुचला, तो मला त्या दिवशी सुचलाच नव्हता. आणि जमीन काळ्या मातीची असेल तर वर्षात दोनदा बदलते. पावसात चिकटून बुटाचं वजन दुप्पट करते आणि एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा रानाला एक वेज पुरणार नाही.

मग किती पुरतील? सॅराझेनच्या काळात याला मर्यादाच नव्हती. लाकडी दांडे जाऊन पोलादी आले, १९२९ मध्ये ब्रिटननेही त्यांना परवानगी दिली. नावाच्या काठ्या जाऊन नंबरच्या काठ्यांचे संच विकायला लागले. लोक वीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरत. लॉसन लिटल हा अमेरिकन तर तिसाच्या आसपास काठ्या नेई, त्यांत वेजच कितीतरी. १९३४ आणि १९३५, दोन्ही वर्षी त्याने ब्रिटिश आणि अमेरिकन हौशी स्पर्धा जिंकल्या. शेवटी अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून नियम आला, की बॅगेत चौदाच काठ्या. फटका हातातून यावा, दुकानातून विकत घेता येऊ नये, हे मुख्य कारण. कॅडीच्या खांद्यावरचं ओझं ही तक्रारही त्या चर्चेत होतीच. मला हे वाचून फार बरं वाटलं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी पोराचा खांदा दुखला, म्हणून माझ्या खांद्यावरची बॅग थोडी हलकी होती.

चौदांत दोन वेज की चार, हा वाद मात्र नंतरचा. पूर्वी ‘पिचिंग वेज’ पन्नास डिग्रीच्या आसपास असायची. कंपन्यांना ‘आमची काठी लांब मारते’ हे दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी एकेक काठीचं तोंड सरळ करत नेलं. आज पिचिंग वेज ४४-४५ ची मिळते, नाव तेच, काठी वेगळी. त्यामुळे ती आणि ५६ यांच्यामध्ये खिंडार पडलं. ते बुजवायला आणखी एक वेज विकली जाते. १९८० च्या सुमारास टॉम काइटने ६० ची जादा वेज घेतली, पुढच्याच वर्षी तो अमेरिकन दौऱ्यावर कमाईत पहिला आला आणि मग सगळ्यांना ती हवीशी झाली. आधी भोक पाडायचं आणि मग ठिगळ विकायचं. बियाणं आणि औषधाच्या दुकानात नानांनी हेच पाहिलं आहे.

दुसऱ्या टोकाला एका काठीत सगळं भागवणारे आहेत. स्पेनच्या सेवे बायेस्तेरोसने लहानपणी समुद्रकाठच्या वाळूत एकाच तीन नंबरच्या काठीवर सगळे फटके शिकले. मुंबईत चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्या भागातल्या वस्तीतले तरुण, त्यांतले अनेक कॅडी, बांधकामाची सळई वाकवून काठी करतात आणि गल्लीत, पत्र्यांवरून, गटारांवरून गोल्फ खेळतात. तोमाश गुद्झोवाती या पोलिश छायाचित्रकाराने त्यांचे फोटो जगभर नेले. त्या सळईला लॉफ्ट किती, बाउन्स किती, कुणी मोजत नाही. वाकवणाऱ्याला मात्र माहीत असतं.

आणि ‘विचार करू नको’? नियमपुस्तकात उलटंच लिहिलं आहे. डाव चालू असताना खेळाडू सल्ला मागू शकतो तो जोडीदाराकडे, नाहीतर आपल्या कॅडीकडे. बाकी कुणाला विचारलं तर दंड. म्हणजे मैदानभर जी माणसं असतात त्यांत एकट्याने खेळणाऱ्याला ज्याचं डोकं अधिकृतपणे वापरता येतं तो मीच. अनेक क्लबांमध्ये सोमवारी मैदान बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. त्या सोमवारांतून मोठे खेळाडू घडले. १९९१ चं इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीचा कॅडी होता. त्याआधी ते एकाच भारतीयाने जिंकलं होतं, १९६५ मध्ये, पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने.

माझं बोट मात्र त्या दिवशी चुकलंच होतं, हेही खरं. साहेब रागावले ते बरोबर होतं, बोलले ते बरोबर नव्हतं. पुढच्या महिन्यात तेच साहेब, तेच ठिकाण, पण ऊन पडून जमीन आवळलेली. त्यांनी मागे न बघता हात पुढे केला. मी बुटाने जमीन दाबून पाहिली आणि पुन्हा ६० च दिली. त्यांनी एकदा काठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खेळले. बॉल होलपासून हातभर थांबला. ते काही बोलले नाहीत. मीही काठी पुसून बॅगेत ठेवली.

परीक्षेत यश आलं नाही, ते काम सुटलं. मार्चमध्ये गावी गेलो की मी दोन्ही वेज घेऊन पांझरेत उतरतो. नदी तेव्हा कोरडी असते. उपशाच्या ट्रॅक्टरांनी पात्रात खड्डे केले आहेत, वर चाकांच्या चाकोऱ्या. वाळू जिथे उरली आहे तिथे ५६, आणि जिथे खरवडून खालची कडक जमीन उघडी पडली आहे तिथे ५२. दरवर्षी ५२ ची जागा वाढते आहे.

परत निघताना एसटीत दोन्ही काठ्या नेल्या की कंडक्टर हटकतो. यंदा नाना म्हणाले, एक इथेच राहू दे. कोणती, ते त्यांनीच ठरवलं. ५६ ची त्यांनी खुरप्याशेजारच्या खुंटीला अडकवली.