व्हॅनिलाचें फूल आणि एडमंड

आईसक्रीमला येणारा तो मंद सुवास आज बहुतेक ठिकाणीं रसायनशाळेंतून येतो. परंतु व्हॅनिलाची खरी शेंग जेथें पिकते, तेथें ती जवळजवळ सर्वत्र माणसाच्या हातानेंच धरविलेली असते. आणि ही युक्ति १८४१ सालीं एका बारा वर्षांच्या गुलाम मुलानें दाखवून दिली.

व्हॅनिला ही आमरीच्या कुळांतील वेल. तिचें माहेर मेक्सिको. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तिच्या शेंगा युरोपांत नेल्या, आणि पुढें वेलीहि दूरदूर नेऊन लावण्यांत आल्या. वेली वाढल्या, फुलल्या, पण शेंग कांहीं धरेना. परागावांचून बीज धरत नाहीं, हें ट्यूबिंगनच्या कामेरारियसनें १६९४ सालींच प्रयोगानें सिद्ध केलें होतें. मग येथें अडचण कोणती? या फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर एकाच स्तंभांत जुळलेले असतात. वर परागाचे गोळे, खालीं चिकट कुक्षी, आणि दोहोंच्या मध्यें एक पातळ पडदा! जणूं एकाच घरांत दोन बिऱ्हाडें आणि मधलें दार बंद. तें दार मेक्सिकोंत कांहीं जातींच्या माश्या उघडतात. हिंदी महासागरांतील बेटांवर त्या नव्हत्या. त्यांत फूल सकाळीं उमलतें आणि त्याच दिवशीं कोमेजतें.

१८३६ सालीं बेल्जममधील लिएज येथें शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें कांचगृहांत हातानें फलधारणा घडवून आणली. पण मळेवाल्यांच्या हातीं ती रीत पडली नाहीं.

बूर्बां बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर, सेंत-सुझान येथें फेरेओल बेलिए-बोमाँ नांवाचा मळेवाला होता. एडमंड हा त्याचा गुलाम. जन्मतःच आई गमावलेल्या या पोराला तो बागेंतून बरोबर हिंडवी. भोपळ्याच्या कुळांतील एका वेलीवर नरफुलाचे पराग मादीफुलाला कसे लावावे, हें त्यानें मुलास शिकविलें होतें. व्हॅनिलाचें मात्र कोणीच शिकविलें नव्हतें. वर्षानुवर्षें वांझ राहिलेल्या त्या वेलीवर एके दिवशीं धन्याला शेंगा दिसल्या, एडमंड म्हणाला, "हें मीं केलें." त्यानें करून दाखविलें: बांबूच्या बारीक काडीनें पडदा उचलावा आणि आंगठ्यानें पराग कुक्षीवर दाबावा. बस्स, एवढेंच! इतर मळेवाल्यांनीं त्याला शिकविण्यासाठीं बोलावून नेलें, आणि शतक संपण्यापूर्वीं त्या लहानशा बेटानें मेक्सिकोला मागें टाकलें.

१८४८ सालीं गुलामगिरी बंद झाली. एडमंडला अल्बियस हें आडनांव मिळालें, पण पैसा मिळाला नाहीं. पुढें चोरीच्या आरोपावरून त्याला सक्तमजुरी झाली. बेटाला त्यानें काय दिलें याची आठवण बेलिए-बोमाँनें सरकारला करून दिली, आणि मुदतीपूर्वीं त्याची सुटका झाली. रिशार या वनस्पतितज्ज्ञानें शोध आपला असें सांगितलें, तेव्हांहि बेलिए-बोमाँच एडमंडच्या बाजूनें लेखणी घेऊन उभा राहिला. धन्याचा मोठेपणा येथें दिसतो. त्या पिकांतला वांटा मात्र त्या मुलाच्या पदरीं कोणींच घातला नाहीं. १८८० सालीं सेंत-सुझान येथेंच तो दारिद्र्यांत वारला.

आज मादागास्करांत, तसेंच आपल्याकडे केरळ-कर्नाटकांतील बागांत, फुलें उमलण्याच्या दिवसांत मजूर पहाटेपासून वेलींपाशीं उभे असतात. हातांत बारीक काडी असते, आणि रीत तीच, एडमंडची.