शिकागोचे तृणोद्यान

ऑक्टोबर सरत आला की शिकागो शहरातील ल्यूरी उद्यानाचे रूप पालटते. उन्हाळ्यातील जांभळी-पिवळी फुले ओसरलेली असतात. मागे राहतात ते काळसर बोंडांचे ताठ देठ आणि वाऱ्यावर डोलणारी तांबूस गवते. प्रथमच येणाऱ्यास वाटावे, माळी हे वाळलेले रान कापण्यास विसरला. वस्तुतः ते जाणूनबुजून राखलेले असते. बोंडांतील बी पक्षी टिपतात, देठांच्या आश्रयाने कीटक हिवाळा काढतात, आणि कापणी होते ती थंडी सरता सरता. परंतु या वाळल्या गवतामागे जो इतिहास आहे, तो केवळ बागकामाचा नव्हे.

'प्रेअरी' म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण तृणप्रदेश. एकट्या इलिनॉय राज्यात त्याने सुमारे २ कोटी २० लाख एकर भूमी व्यापली होती. वर पुरुषभर उंचीचे गवत आणि खाली आठ-दहा फूट खोल गेलेली मुळे, असे ते रान होते. तेथील मूळचे रहिवासी वेळोवेळी वणवा लावून ते मोकळे राखीत. आगीत झुडुपे जळत, गवत मात्र मुळांपासून पुन्हा फुटे. १८३३ च्या शिकागो करारान्वये पोटावाटोमी लोकांना ही भूमी सोडावी लागली. पुढे चारच वर्षांनी, १८३७ मध्ये, जॉन डियर नावाच्या लोहाराने ग्रँड डिटूर या गावी पोलादी नांगर घडविला. जी काळी माती जुन्या नांगरांस पदोपदी चिकटून बसे, ती या गुळगुळीत फाळावरून सहज सरकू लागली. बघता बघता माळ शेतांत लुप्त झाला. आज मूळ स्वरूपातील प्रेअरी हजारांत एक हिस्साही उरलेली नाही.

तथापि या माळावरची अ‍ॅस्टरसारखी फुलझाडे परदेशी मानास चढली होती. अठराव्या शतकापासून ती युरोपातील बागांत वाढत होती. जर्मनीत पॉट्सडॅमनजीक बोर्निम येथे कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांनी बहुवर्षायू फुलझाडांच्या नव्या जाती सिद्ध केल्या आणि गवतासही बागेत मानाचे स्थान दिले. नेदरलंड्समधील हुमेलो गावी १९८२ मध्ये स्थायिक झालेल्या पीट औडॉल्फ यांनी तीच दृष्टी पुढे नेली. फुलाच्या रंगाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्यांनी झाडाच्या आकारास व वाळल्यानंतरच्या रूपास दिले. ल्यूरी उद्यानातील लागवड त्यांचीच. ते २००४ मध्ये खुले झाले. इलिनॉयच्या शेतकऱ्याने उपटून टाकलेली झाडे अशी युरोपीय माळ्याच्या हातून स्वगृही परतली.

परंतु ही प्रेअरी नव्हे. या उद्यानाखाली मोटारतळ आहे. मुळांना छपराची मर्यादा आहे. खरी प्रेअरी पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न १९३५ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन येथील पडीक शेतजमिनीवर आरंभिला. बी पेरणे पुरेसे नाही, आगही हवी, हे तेथे १९४० नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. जे ज्ञान त्या भूमीच्या मूळ रहिवाशांस होते, ते विद्वानांस नव्याने संपादावे लागले. आज तो प्रयत्न अनेक दशकांचा झाला आहे, तरी पूर्ण झालेला नाही.

उद्यान हरवलेला माळ परत आणू शकत नाही. काय हरवले याची ओळख मात्र ते नगरवासीयांस करून देते; आणि ती ओळख फुलांच्या बहरापेक्षा ऑक्टोबरातील त्या वाळल्या गवतातच अधिक स्पष्ट होते.